एफचं हॉटेल

हाम्पुस रीडेल नंतर सगळ्यांना सांगत सुटला की आपल्याला काही प्रसिद्ध वगैरे व्हायचं नव्हतं, ते आपोआप झालं. साफ खोटं. त्याला व्हायचंच होतं. वर्षानुवर्षं तो त्यासाठी झुरत होता, आणि त्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल बघून हे कुणीही ओळखलं असतं. टेबलभर सर्किटं, वायरी, सोल्डरिंगची गन, आणि ह्या सगळ्या पसाऱ्यात कॉफीचा कप टेकायला जेमतेम जागा.

दिवसा तो गोथेनबर्गमधल्या एका विमा कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा. पगार बरा, काम रटाळ. संध्याकाळी घरी आला की त्याची स्वतःची खेळणी सुरू. खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाण्यांची पेटी टांगलेली होती, तिच्यावर कोण येऊन गेलं ते मोजणारा कॅमेरा त्याने बनवला. कॉफी फार वेळ तापत राहिली की ओरडणारी एक डबी बनवली. असं काही हातावेगळं झालं की फोटो काढायचे, चार ओळी लिहायच्या आणि साइटवर टाकायचं.

ती साइट म्हणजे ह्या लोकांचा चव्हाटा. जगभरातले असले खटपटे तिथे दिवसभर पडीक. कुठल्या कंपनीने नवीन काय काढलं, कुणाचा सर्व्हर झोपला, कुणी आजोबांच्या टाइपरायटरला इंटरनेट जोडलं, सगळी खबर तिथे. लोक मतं देतात. मतं पडली की तुमची वस्तू वर चढते, पहिल्या पानावर झळकते. नाही पडली की तासाभरात तळाशी. हाम्पुसच्या सगळ्या तळाशी गेल्या होत्या. पक्ष्यांच्या कॅमेऱ्याला एकुलती एक कॉमेंट आली होती, "हे आधी कुणीतरी केलंय." ती वाचून तो दोन दिवस धड जेवला नव्हता.

आता त्याच्या इमारतीतल्या धुण्याच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची मिळून ती एकच खोली, एक मशीन, एक वाळवणीचं कपाट. आमच्याकडे माणसं जिन्यात समोरासमोर आली तर खाली बघून निघून जातात, पण धुण्याच्या खोलीवरून हातघाईवर येतात. म्हणजे तोंडाने नव्हे, चिठ्ठ्यांनी. "ज्यांनी जाळीत केस सोडले आहेत त्यांनी ते येऊन सन्मानाने घेऊन जावेत." असल्या चिठ्ठ्यांनी दार भरलेलं असायचं. शेवटी सोसायटीचा चेअरमन कॉनी वैतागला आणि त्याने दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवायचं ठरवलं. प्रत्येक घराला एक चकती. चकती टेकवली की दार उघडणार आणि कोण कधी आलं त्याची नोंद होणार.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या गुनवोर आलीन ह्यांनी हात वर केला. हाम्पुसच्या बरोबर खालच्या घरात नवरा सिक्स्टेनबरोबर राहणाऱ्या ह्या बाई शाळेत शिवण शिकवायच्या. आता पंचाहत्तरी ओलांडली होती, पण अजूनही पडद्याला इस्त्री केल्याशिवाय तो टांगायच्या नाहीत.

"कोण कधी धुतं ते बघणार कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," हाम्पुस उठून म्हणाला. कुलपाचं सगळं काम त्यानेच फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं. "नोंद माझ्याकडे राहील. आणि मी कशाला बघतोय? मला माझेच मोजे सापडत नाहीत."

सगळे हसले. गुनवोरबाईही हसल्या. "हाम्पुसकडे राहणार असेल तर माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

हे वाक्य नंतर त्याला रोज आठवणार होतं.

पहिल्यांदा त्याने फक्त मशीनखाली एक सेन्सर चिकटवला. मशीन थरथरतंय की नाही एवढंच त्याला कळायचं. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला हाम्पुसच्या फोनवर संदेश यायचा, "मशीन मोकळं आहे" किंवा "मशीन चालू आहे." तिसऱ्या मजल्यावरून कपड्यांची टोपली घेऊन फुकटची पायपीट नको. साधी, उपयोगी वस्तू. गाढवाने तिथेच थांबायला हवं होतं.

पण वर्षभर थरथरीची माहिती साठली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. कुलपाच्या नोंदी त्याच्याकडेच होत्या. दोन्ही एकत्र केलं तर कुठलं घर कधी, किती वेळ, आणि फेरीच्या लांबीवरून किती गरम पाण्यात धुतं ते दिसणार होतं. त्याने नोंदी उघडल्या. फक्त एकदाच, असं स्वतःला बजावत उघडल्या. आणि काय सुंदर चित्र तयार झालं म्हणून सांगू! प्रत्येक घराला एक रंग, वर्षाचे सगळे दिवस, गोधडीसारखं. बहुतेक रंग अधूनमधून ठिपक्यांसारखे पडलेले. एकच निळा पट्टा मात्र वसंतापासून पुढे सलग, एकही दिवस न चुकता. रोज सकाळी नऊच्या सुमारास, साठ अंशांवर, एकच फेरी.

निळा रंग म्हणजे आलीन. त्याला ते माहीत होतं. का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नाही. पट्टा छान दिसत होता ना, बस्स.

नावं उघड करायची नाहीत एवढी अक्कल त्याला होती. म्हणून त्याने नावांच्या जागी अक्षरं घातली. ए, बी, सी असं करत आलीन झाले एफ. मग चित्राखाली त्याने एक ओळ लिहिली, आणि लिहून स्वतःच खुदकन हसला: "एफ एकतर गुपचूप हॉटेल चालवतो, नाहीतर रोज एक खून करतो."

त्याने ते चित्र प्रोग्रामसकट साइटवर टाकलं आणि कामावर गेला.

जेवायच्या सुट्टीपर्यंत ते पहिल्या पानावर होतं. हाम्पुसने डब्यातले बटाटे तसेच ठेवले. दर मिनिटाला पान ताजं करत होता, आणि दर वेळी मतं वाढलेली. जगभरातून लोक एफच्या मागे लागले होते.

"साठ अंश? रक्त गार पाण्याने जातं. खुनी नाही. हॉटेलच."

"एफच्या हॉटेलात नाश्ता मिळतो का?"

"इतके महिने, एकही सुट्टी नाही. एफला माझ्या कंपनीत नोकरी."

हाम्पुसला वाटलं आपण हवेत चालतोय. त्यानेही भर घातली. "नाश्त्याचं माहीत नाही," त्याने लिहिलं, "पण जिन्यात साबणाचा घमघमाट असतो. चादरी एकदम फर्स्ट क्लास असणार." त्यालाही पोतंभर मतं पडली. कुणी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची गरजच नव्हती, तो स्वतःच शिडी लावून चढला होता.

दुसऱ्या दिवशी टेक्नॉलॉजीच्या बातम्या देणाऱ्या एका मोठ्या साइटने त्याच्यावर लेख छापला. त्यात त्याचं नाव, गोथेनबर्गचं नाव, आणि त्यानेच हौसेने पाठवलेला इमारतीच्या अंगणाचा फोटो. मथळा होता, "एफ आहे तरी कोण?"

संध्याकाळी सायकली लावायच्या छपराखाली कॉनी भेटला. "काय साहेब, आता आमच्याशी बोलणार की नाही?" म्हणाला. मग जरा जवळ येऊन, "पण काय रे, तू नोंदी बघणार नव्हतास ना?"

"अरे, अक्षरं आहेत नुसती. कुणाला कळतंय?"

"ते खरं," कॉनी म्हणाला आणि सायकलला कुलूप लावत राहिला. त्याने ते कुलूप दोनदा ओढून बघितलं. हाम्पुसला उगीचच ते लागलं.

ह्या लोकांची एक सवय असते. प्रोग्राम लिहिताना केलेला प्रत्येक बदल जपून ठेवायचा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर मागे जाता येतं. अख्खं फोल्डर कुणाला दिलं की त्याच्या पोटातून हे सगळं जुनंपुराणंही जातं. वरून दिसत नाही, पण ज्याला बघायचं तो बघू शकतो. नवशिक्यालाही हे माहीत असतं. हाम्पुसला तर चुका शोधायचा पगार मिळत होता. आणि तरी त्याने शेवटच्या घटकेला नावं पुसून अक्षरं घातली, आणि सगळा इतिहास पोटात ठेवून फोल्डर जगाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी एस्टोनियातल्या एका अनोळखी माणसाचा निरोप आला. "गंमत छान आहे, भाऊ. पण तुझ्या जुन्या आवृत्त्यांमध्ये घरांची नावं जशीच्या तशी आहेत. लवकर काढ."

कंपनीतल्या संडासात बसून हाम्पुसने सगळं काढून टाकलं. पण तोवर शेकडो लोकांनी आपापल्या प्रती करून घेतल्या होत्या. आणि एका महाभागाने लेखाखाली लिहूनही ठेवलं होतं: "एफ म्हणजे आलीन. हॉटेल आलीन. मी खोली बुक करतोय." साइटवाल्यांनी ते दुपारपर्यंत काढलं. दुपारपर्यंत पुष्कळ वेळ असतो.

त्यानंतरच्या सकाळी नऊला फोन वाजला. "मशीन मोकळं आहे." हाम्पुस दात घासत होता. गेल्या कित्येक महिन्यांत नऊला हा संदेश आल्याचं त्याला आठवेना. तेवढ्यात खालच्या घरातून पाइपातून पाण्याचा आवाज यायला लागला. टब भरत होता. बराच वेळ भरत होता. मग चुबुक चुबुक, आणि ओलं जड कापड टबाच्या काठावर आपटल्याचा आवाज. हाम्पुस तोंडात फेस घेऊन तसाच उभा राहिला. त्याला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

पुढच्या संध्याकाळी दाराची घंटा वाजली. गुनवोरबाई. एका हातात डबा, दुसऱ्या हातात लेकीने दिलेला टॅबलेट. टॅबलेटचा हात मध्येच कमरेकडे जात होता.

"आत येऊ ना? का कामात आहेस?" त्यांनी जोडे दाराशी काढले, नीट एकाला एक लावून ठेवले, आणि त्या पसाऱ्याच्या टेबलाशी बसल्या. डब्यात वेलदोड्याचे बन होते, अजून कोमट. "खा आधी. वाळलायस किती."

"अहो गुनवोर, कशाला उगीच..."

"गप्प खा. माझं काम आहे तुझ्याकडे." त्यांनी टॅबलेट पुढे सरकवला. लेख उघडलेला होता, अंगणाच्या फोटोसकट. "हे मारितने पाठवलं, माझ्या मुलीने. तिच्या ऑफिसात कुणीतरी दाखवलं तिला, तुझ्या आईवडिलांचं अंगण ना हे म्हणून. इंग्रजी मला फारसं येत नाही. पण आमचं नाव कुठेतरी छापलं होतं म्हणे. आम्ही हॉटेल चालवतो म्हणून लोक हसतायत."

हाम्पुसने बनचा घास तोंडात तसाच धरला.

"लेखात तुझं पण नाव आहे, ते दिसलं मला," त्या म्हणाल्या. "तू ते कुलूप बसवलंस, म्हणून तुला विचारलं असेल त्यांनी. तुझा चांगुलपणा. पण त्यातून कुणीतरी आमचं नाव चोरलंय, हाम्पुस. कोण मेला असेल तो, शोधून काढशील? तुला कळतं ह्यातलं."

त्याने सांगायला हवं होतं. इतका सोपा क्षण देव पुन्हा कुणाला देत नाही. त्याने तोंडातला घास गिळला.

"बघतो," तो म्हणाला.

"बघ हं." त्यांनी टॅबलेट बंद केला आणि थोडा वेळ आपल्या हातांकडे बघितलं. साबणाने आणि गरम पाण्याने बोटं तडकली होती. "तुला म्हणून सांगते. कुणाला बोलू नकोस. सिक्स्टेनचा गुडघा दुखतो असं मी सगळ्यांना सांगते. गुडघ्याला काही झालेलं नाही. वसंतापासून त्याला रात्री कळत नाही. रोज सकाळी सगळं ओलं असतं. त्याची काय अवस्था होते ते बघवत नाही रे. चाळीस वर्षं ट्राम चालवली त्या माणसाने, कधी एक मिनिट उशीर नाही. मी त्याला सांगते, माझ्याकडून पाणी सांडलं. तो म्हणतो, बरं. दोघंही खोटं बोलतो आणि कॉफी पितो."

हाम्पुसला उठून पळून जावंसं वाटत होतं. स्वतःच्याच घरातून.

"मारितने मागेच बजावलंय. असं काही सुरू झालं तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं, तुला झेपणार नाही. म्हणून मी तिला कळू दिलं नाही. आता ती शनिवारी येतेय. मी तिला फोनवर सांगितलं, ते मशीन चुकीचं मोजतं, मी काही रोज धूत नाही. तिला पटलं नाही. तू ये शनिवारी. तुझं ती ऐकेल. यंत्रं चुकतात, एवढंच सांग. चुकतात ना?"

"चुकतात," हाम्पुस म्हणाला.

"बघ!" त्यांचा चेहरा एवढा उजळला की त्याने मान फिरवली. जाताना त्या कमरेवर हात ठेवून सावकाश वाकल्या आणि जोडे घातले. "डबा राहू दे. शनिवारी आण."

शनिवारपर्यंत तो रोज सकाळी नऊला फोन बघायचा, "मशीन मोकळं आहे" वाचायचा, आणि पाइपातला आवाज ऐकायचा. दोनदा तो जिना उतरून त्यांच्या दारापर्यंत गेला. दोनदा परत वर आला. हिंमत नव्हती, आणि हिंमत नाही हे मान्य करायचीही नव्हती, म्हणून तो मनातल्या मनात भाषण सुधारत बसला, प्रोग्राम सुधारावा तसं.

शनिवारी मारित आली होती. पन्नाशीची, कामाच्या घाईतली बाई, पण डोळे आईचे. टेबलावर उत्तम कप, केक, मेणबत्ती. सिक्स्टेन खिडकीजवळच्या खुर्चीत टाय लावून बसले होते, शर्टाला कडक इस्त्री. त्यांनी हाम्पुसला ओळखलं आणि हात वर केला. "वरचा मुलगा," ते म्हणाले. "पक्षीवाला." त्यांना पक्ष्यांचा कॅमेरा लक्षात होता. साइटवरच्या सगळ्या जगाला जो नको होता तो.

"बस," गुनवोरबाई म्हणाल्या. त्या स्वतः खुर्चीच्या कडेला ताठ बसल्या होत्या, श्वाससुद्धा जपून घेत होत्या. "सांग हिला, हाम्पुस. ती यंत्रं."

मारितने फोन काढला आणि वाचून दाखवलं. "एफ एकतर गुपचूप हॉटेल चालवतो, नाहीतर रोज एक खून करतो. असं चित्राखाली लिहिलंय. वसंतापासून एकही दिवस चुकलेला नाही. आई, खरं काय आहे?"

"मी लिहिलंय ते," हाम्पुस म्हणाला.

भाषण वगैरे सगळं विसरला. एवढंच बाहेर आलं.

"नोंदी मीच बघितल्या. कुणी चोरलं नाही. नाव माझ्याकडूनच बाहेर गेलं, माझ्या चुकीने. आणि मशीन..." त्याने गुनवोरबाईंकडे बघितलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या, पापणी न हलवता. "मशीनही चुकीचं मोजतं. सेन्सर बिघडलेला होता. सगळं चित्र खोटं आहे. तुमची आई रोज नव्हती धूत."

आयुष्यातलं सगळ्यात सुंदर चित्र त्याने खोटं ठरवलं, आणि एक क्षण त्याला वाटलं की हिशोब मिटला. मारितलाही ते पटायला लागलं असावं, तिचे खांदे जरा सैल झाले.

तेवढ्यात सिक्स्टेन उठले. खुर्चीचे हात धरून उभे राहिले, आणि राखाडी पँटवर गडद डाग पसरलेला सगळ्यांनी पाहिला. त्यांनीही खाली पाहिलं.

"गुनवोर," ते हळू म्हणाले, "पाणी सांडलं."

गुनवोरबाई ताडकन उठायला गेल्या. अर्ध्यावर त्यांची कमर धरली. टेबलाची कड पकडून त्या तशाच वाकून राहिल्या, ना वर, ना खाली, आणि तोंडातून एक बारीक आवाज निघाला. टबात आठवडाभर चादरी पिळल्याचा तो परिणाम होता. मशीन खालीच होतं, मोकळं होतं. पण हॉटेलवालीला तळघरात जायची लाज वाटत होती.

मारितने आधी आईला खुर्चीत बसवलं, मग वडिलांना धरून आत नेलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि सिक्स्टेन तिची समजूत घालत होते, "रडू नको, पुसून टाकू."

बाहेर दोघंच उरले. हाम्पुसने मान खाली घातली होती. रिकामा डबा अजून त्याच्या मांडीवर होता.

"मला विचारायचंस," गुनवोरबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोसलं असतं. "रोज का धुता, एवढं विचारायचंस. जिन्यात भेटत होतो की आपण. मी तुला सांगितलं असतं. त्या मीटिंगमध्ये मी तुझ्या भरवशावर हात खाली घेतला होता, हाम्पुस."

"मला माफ..."

"डबा ठेव टेबलावर आणि जा."

तो गेला. घरी येऊन त्याने साइटवर सगळं लिहून काढलं. वचन, नोंदी, जुन्या आवृत्त्या, एक अक्षर लपवलं नाही; फक्त घरचं दुखणं कुणाचं ते सांगितलं नाही. आपल्याला शिव्या पडाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. पण लोकांनी काय केलं? डोक्यावर घेतलं. "किती प्रामाणिक!" "आमच्या ऑफिसात हे सगळ्यांना वाचायला दिलं." माफीनामा पहिल्या पानावर चढला, चित्रापेक्षाही वर. आणि आकडे वाढताना बघून हाम्पुसच्या छातीत तीच जुनी ऊब आली. क्षणभरच आली, पण आली. त्या क्षणाची त्याला जितकी शरम वाटली तितकी आधीच्या कशाचीही वाटली नव्हती. त्याने लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ हात त्याच्यावर दाबून धरले.

गुनवोरबाईंची कमर लवकर सुधारणारी नव्हती. डॉक्टरने वजन उचलायला बंदी केली. पालिकेची बाई येऊन बघून गेली, मारितने कागदपत्रं केली. पहिला हिमवर्षाव व्हायच्या आत सिक्स्टेनना नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली. न्यायला गाडी आली तेव्हा ते टाय लावून तयार होते, आणि वेळेच्या आधी अंगणात उभे होते.

त्यानंतर थोड्या दिवसांनी हाम्पुस जिन्यात गुनवोरबाईंना भेटला. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही, पण थांबल्या.

"कसे आहेत सिक्स्टेन?"

"तिथे त्याला सगळं स्वच्छ ठेवतात," त्या म्हणाल्या. "रात्री दोनदा येऊन बदलतात. तो विचारतो, गुनवोर, आता पाणी सांडत नाही का तुझ्याकडून?" मग त्या पुढची पायरी चढल्या. पाठ त्याच्याकडेच होती. "चांगलं चाललं होतं माझं हॉटेल. एकच पाहुणा होता."

त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

सेन्सर अजून मशीनखालीच आहे. काढायचा तर तळघरात जायला हवं, आणि हाम्पुस आता आपले कपडे गावातल्या लॉन्ड्रीत देतो. संदेशही त्याने बंद केलेला नाही. रोज सकाळी नऊला फोन वाजतो, "मशीन मोकळं आहे." हाम्पुस दात घासायचं थांबवतो आणि खालच्या घरातून पाण्याचा आवाज येतो का ते ऐकतो. येत नाही.